अध्यक्षांना अखेरचा निरोप

अध्यक्ष पाडायचा म्हणजे असं कितीसं मोठं काम आहे हो! गणित मांडायचं, सोडवायचं, उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या. संपलं! असं मी आमच्या शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं. हातात खडू नव्हता म्हणून चहाचा चमचा उगारून सांगितलं होतं, एवढाच काय तो फरक.

मी गणित शिकवते. अठरा वर्षं शिकवते. "बाई, आमच्या डोक्यात शिरतच नाही" म्हणणाऱ्या पोरांच्या डोक्यात मी वर्गसमीकरणं अक्षरशः ठोकून बसवली आहेत. तिथे एका अध्यक्षाची काय कथा!

"रविवारी वार्षिक सभा आहे," मी म्हटलं, "आणि या रविवारी अध्यक्ष जाणार म्हणजे जाणार! तुम्ही फक्त या."

"येणार, बाई, येणार!" सगळे एका सुरात म्हणाले.

आता हा सूर मी ओळखायला हवा होता. "उद्या गृहपाठ नक्की आणणार" असं पोरं याच सुरात म्हणतात.

आमच्या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष चौदा वर्षं त्याच खुर्चीत होते. शाळेत शिकवायचे व्याकरण. वय सत्तावन्न, डोक्यावर केस मोजून नऊ, पण पाठीमागे सगळे त्यांना ध्रुवबाळ म्हणायचे. अढळपद मिळालेलं ना! बोलायला उभे राहिले की पाऊण तास नुसती प्रस्तावनाच चालायची. आणि कुठलंही गाऱ्हाणं घेऊन जा, उत्तर एकच. पंखा बंद आहे? "पाहतो." रजा अडकली? "पाहतो." छत गळतंय? मान वर करून छताकडे बघत, "पाहतो."

मग हे चौदा वर्षं निवडून कसे आले? तर येतच नव्हते! आमच्या संघटनेचे सभासद एकशे त्रेसष्ट. त्यातले एक तृतीयांश, म्हणजे पंचावन्न जण सभेला हजर असतील तरच निवडणूक घेता येते, ठराव करता येतो. नसतील तर सभा अर्धा तास थांबते, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं, आणि "आहे तेच चालू राहील" असं लिहून वही मिटली जाते. चौदा वर्षं आहे तेच चालू होतं. गेल्या वर्षी सभेला सात जण होते. त्यातला एक डोळे तपासणीचं शिबिर समजून आला होता आणि डोळे कोणी तपासत नाही म्हणून रागावून गेला.

मी इतकी पेटले होते त्याला मात्र कारण होतं. आमच्या चित्रकलेच्या बाई.

अकरा वर्षं त्या शिक्षकखोलीत माझ्या शेजारी बसत होत्या. बोलणं इतकं कमी, की एखाद्या दिवशी रजेवर असल्या तरी संध्याकाळपर्यंत कळायचं नाही. वरून पत्र आलं, की त्या 'अतिरिक्त' ठरल्या आहेत. जशी वर्गातली जास्तीची खुर्ची! त्यांची बदली झाली ती तीन तासांच्या वाटेवरच्या शाळेत. जायला तीन, यायला तीन. घरी अंथरुणाला खिळलेले वडील आणि त्यांचं सगळं करणाऱ्या त्या एकट्या. शिक्षणाधिकारी म्हणाले, संघटनेने पूर्ण गणसंख्येच्या, म्हणजे निदान पंचावन्न जणांच्या सभेत ठराव केला तरच फेरविचार करू, आणि तो ठराव सोमवारपर्यंत हातात पडला पाहिजे.

बाई अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष काय म्हणाले ते सांगायला हवं का? "पाहतो!"

त्या दिवशी बाईंनी पूर्ण तास फळ्यावर एकच गोल काढला आणि पुसला. तेव्हाच मी चमचा उगारला.

सोमवारी मी संघटनेच्या ग्रुपवर लिहिलं, "रविवारी सभेला सर्वांनी यावे." चौऱ्याण्णव अंगठे आले. बुधवारी पुन्हा लिहिलं. साठ अंगठे. शुक्रवारी बावीस. या वेगाने रविवारपर्यंत माझा स्वतःचाच अंगठा उरला असता. हा उतार मला चांगला समजतो, गणिताची बाई आहे मी! साध्या शब्दांनी ही माणसं हलणार नाहीत, शब्दांत आग पाहिजे, हे मी ओळखलं.

रविवारी सकाळी मी ओट्यापाशी उभी राहून आग पेटवली.

"चौदा वर्षे ज्यांनी संघटनेची धुरा एकट्याने वाहिली, त्या आपल्या अध्यक्षांना अखेरचा निरोप देण्याची वेळ आली आहे! आज दुपारी बारा वाजता, शाळेच्या मोठ्या वर्गात सर्वांनी न चुकता यावे."

काय टोमणा होता! काय धार होती! तरी कोणी मला उद्धट म्हणू नये म्हणून शेवटी दोन जोडलेले हात टाकले.

"पाठवण्याआधी मला वाचून दाखव जरा," नवरा पेपरातून म्हणाला. हा पोस्टात नोकरीला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांत नाक खुपसायची सवय!

"तुम्हाला काय कळतंय संघटनेतलं?" म्हणत मी बटण दाबलं. नऊ चाळीस.

मग फोन ठेवून मी डोक्यावरून आंघोळ केली. केस पुसत येऊन बघते तर एकेचाळीस निरोप! आणि अंगठा एकही नाही!

"विश्वास बसत नाही," एकाने लिहिलं होतं.

कसा बसेल? चौदा वर्षांनी कोणी बोललं!

"एका युगाचा अंत," दुसरा.

अगदी बरोबर!

"काल तर बोलणं झालं होतं. माणसाचं काही खरं नाही," तिसरा. आणि रडके चेहरे, जोडलेले हात, पुन्हा रडके चेहरे. वा, टोमणे मारावेत तर आमच्या लोकांनी! मी फोन नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

"बघा! पेटली क्रांती!"

नवऱ्याने चष्मा वर सरकवून वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझा मूळ निरोप वाचला. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चुकीच्या उत्तराखाली दोन रेघा ओढणाऱ्या पोराकडे बघते.

"अगं," तो म्हणाला, "तू मारलंस त्यांना."

"म्हणजे?"

"अखेरचा निरोप कोणाला देतात?"

माझ्या ओल्या केसांतून मानेवर थंड पाणी ओघळलं. मी खुलासा लिहायला घेणार, तेवढ्यात फोन वाजला. आमचे इतिहासाचे सर. हेच संघटनेचे चिटणीस. चौदा वर्षं अध्यक्षांची सावली. फोनवर ढसाढसा रडत होते.

"सर, ऐका, रडू नका! ते सगळं चुकून..."

"चुकून कसं, बाई? मी आत्ता वहिनींशी बोललो!"

"कोणत्या वहिनी?"

"अध्यक्षांच्या घरी फोन केला मी. त्यांचा स्वतःचा बंद लागतोय. वहिनींनी उचलला. म्हटलं, वहिनी, कसं झालं हो हे? तर म्हणाल्या, चार दिवस नुसते तळमळत होते, आज सकाळी दहाला गेले!"

मी खाली बसले. खाली स्टूल नव्हतं, तरी बसले.

"गेले?"

"गेले! म्हटलं, फार त्रास झाला का? तर म्हणाल्या, माझा भाऊ होता ना सोबत, तो म्हणाला कळणारसुद्धा नाही. एकदाची सुटका झाली म्हणजे बरं! म्हटलं, वहिनी, तुम्ही सांभाळा स्वतःला. तर म्हणाल्या, मी आता मस्त झोप काढणार आहे! बाई, धक्का बसलाय हो त्यांना. भान नाही राहिलेलं!"

"आता कुठे आहेत ते?"

"थेट शाळेतच आणणार आहेत. वहिनींचे भाऊ गाडीतून आणतायत, बारापर्यंत. म्हणाल्या, सभा चुकवायची नाही असं जाताना बजावून गेलेत! शेवटपर्यंत संघटना, बाई! मी फुलं आणायला जातो."

फोन बंद झाला. मी नवऱ्याला सांगितलं. त्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"तू लिहिलंस तेव्हा जिवंत होते ना ते?"

"हो!"

"मग तुला आधी कसं कळलं?"

"मला कुठे कळलं होतं? मी त्यांना पाडायला निघाले होते!"

"पडले," नवरा म्हणाला.

आणि माझ्या डोक्यात नको ते गणित सुरू झालं. निरोप नऊ चाळीसला. गेले दहाला. अंतर वीस मिनिटं. चार दिवस आजारी माणूस फोन उघडतो, स्वतःचाच अखेरचा निरोप वाचतो, वर दोन जोडलेले हात बघतो... वीस मिनिटं तरी टिकले म्हणायचे! उत्तर कितीही वेळा काढलं तरी तेच येत होतं. मी. मी मारलं होतं एका माणसाला. तेही व्याकरणाच्या माणसाला, शब्दाने!

बाराला दहा कमी असताना मी शाळेत पोचले आणि फाटकापाशीच थबकले. चप्पल ठेवायला जागा नव्हती! मोठ्या वर्गात एकेका बाकावर चार-चार शिक्षक दाटीवाटीने बसले होते. खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले होते. मागे भिंतीला टेकून उभे होते. खेळाचे सर, जे फक्त पगाराच्या दिवशी दिसतात, ते पहिल्या रांगेत! चौदा वर्षांत ज्या माणसांना सभेची वाट सापडली नव्हती, त्या सगळ्यांना ती दोन तासांत सापडली होती.

टेबलावर अध्यक्षांचा फोटो. चिटणिसांना घाईत एकच मिळाला होता, सहलीतला. त्यात अध्यक्ष डोळे मिटून आईस्क्रीम चाटत होते. बाजूचे लोक कापले होते, पण आईस्क्रीम कापलं असतं तर हनुवटीही गेली असती, म्हणून ते राहिलं. भोवती फुलं. मागे फळ्यावर चिटणिसांनी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रध्दांजली'.

आणि भाषणं सुरू झाली होती.

मला वाटलं होतं, एक-दोन जण चार शब्द बोलतील. पण लोक थांबेनात! ज्या बाईंनी 'ध्रुवबाळ' हे नाव ठेवलं, त्या पदर तोंडाला लावून सांगत होत्या, "माझ्या बाळंतपणाची रजा नामंजूर झाली होती. सर तीन वेळा कचेरीत जाऊन बसले. मला म्हणाले काय, तर नुसतं 'पाहतो'." खेळाचे सर उठले. "माझा मुलगा दवाखान्यात होता तेव्हा यांनी दोन आठवडे माझे तास घेतले. व्याकरणाच्या माणसाने पोरांना मैदानावर पळवलं हो! स्वतःही पळाले." एकेक जण उठत होता. एकेक 'पाहतो' कुठे कुठे जाऊन आला होता, ते बाहेर येत होतं.  अठरा वर्षं एका शाळेत काढून मला यातलं काही ठाऊक नव्हतं. कसं असणार? विचारलं होतं कधी?

"आता बाई बोलतील," चिटणीस म्हणाले. "ही दुःखद बातमी सगळ्यात आधी त्यांनाच कळली."

कळली! मी उठले.  समोर एकशे साठ ओले डोळे. म्हणजे तीनशे वीस. चित्रकलेच्या बाई दुसऱ्या रांगेत, मांडीवर रुमाल घट्ट धरून बसलेल्या. मी ठरवलं, सांगून टाकायचं. जे व्हायचं ते होऊ दे.

"मित्रहो," मी म्हटलं, "अध्यक्ष आज आपल्यात नाहीत. आणि याला कारणीभूत दुसरं कोणी नसून..."

दार उघडलं.

दारात अध्यक्ष उभे होते.

उजवा गाल कलिंगडाएवढा. हनुवटीखालून डोक्यापर्यंत पांढरा रुमाल बांधलेला, वर गाठीचे दोन कान उभे. तोंडातून कापसाचा बोळा डोकावतोय. मागे त्यांचे मेव्हणे, दातांचे डॉक्टर, गाडीची किल्ली फिरवत.

 मग मागच्या भिंतीकडून कोणीतरी किंकाळी फोडली आणि एक अख्खं बाक चार शिक्षकांसह आडवं झालं. चिटणीस "साहेब!" म्हणून धावले, निम्म्या वाटेत विचार बदलून माझ्यामागे लपले.

"मेला नाहीत तुम्ही?" मी ओरडले. दुसरं काही सुचलंच नाही.

अध्यक्षांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते वर्गाकडे बघत होते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खिडक्यांत बसलेल्यांकडे. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, हे सगळे सभेला आलेत!

"ऊं ऊं!" असं काहीतरी म्हणाले ते, आणि दोन्ही हात छातीशी नेले.

"दाढ काढलीये," मेव्हण्यांनी खुलासा केला. "अक्कलदाढ. मुळं पार आत रुतली होती, चार दिवस तळमळत होते बिचारे. ताईने सांगितलं नाही का फोनवर? दोन तास बोलायचं नाही." आणि फुलांकडे बघून, "अरे वा, सत्कार का?"

मी चिटणिसांकडे बघितलं. चिटणिसांनी माझ्याकडे बघितलं. गेले! दहाला गेले! दवाखान्यात गेले! माझ्या छातीवरून हत्ती उठला हो, अगदी सोंडेसकट! मी भर सभेत हसायला लागले आणि मग रडायला लागले, आणि मग दोन्ही एकदम.

आता अध्यक्षांची नजर टेबलावर गेली. फोटो. आईस्क्रीम. फुलं. मग फळा. त्यांनी वाचलं. चेहऱ्यावरून काय काय सरकलं ते गालामुळे नीटसं दिसलं नाही. ते फळ्यापाशी गेले, डस्टर उचललं, आणि सगळा वर्ग बघत असताना फक्त 'ध्द' तेवढं पुसलं. तिथे 'द्ध' लिहिलं. मग चिटणिसांकडे वळून खडूने हवेतच समजावलं, आधी द, मग ध. स्वतःच्या श्रद्धांजलीचं शुद्धलेखन तपासणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही!

"मग तो 'अखेरचा निरोप' कसला होता हो?" मागून आवाज आला.

मी हात वर केला. फोन अध्यक्षांच्या हातात दिला आणि सगळं कबूल केलं. पाडायचं होतं, अखेरचा म्हणजे खुर्चीवरचा, टोमणा होता, सगळं. त्यांनी माझा निरोप शांतपणे वाचला, आणि फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं, 'वाक्यरचना चांगली. विशेषण जपून वापरावे.'

वर्ग जो हसला, की खिडकीतला एक बाहेर पडता पडता राहिला!

हसणं ओसरलं, आणि मी एक आवाज ऐकला. बाकं सरकल्याचा.

"म्हणजे कोणी गेलेलं नाही ना?" खेळाचे सर उठत म्हणाले. "मग चला."

"हो ना, बाराचं जेवण राहिलंय," दुसरं कोणीतरी.

आणि खरंच सगळे उठायला लागले! मेलेल्या अध्यक्षासाठी तासभर डोळे पुसले, जिवंत अध्यक्षासाठी पाच मिनिटं बसवेना! मी धावत जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिले.

"एकही माणूस हलणार नाही! गणसंख्या आहे! चौदा वर्षांत पहिल्यांदा!"

अध्यक्षांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बसा. मोजा.' गणिताची बाई मीच, मी मोजलं. एकशे त्रेसष्टपैकी एकशे बासष्ट! न आलेले एकटे ग्रंथपाल. त्यांना फोनवर काही वाचायची सवय नाही.

'आधी ठराव,' अध्यक्षांनी लिहिलं, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून चिटणिसांना दिला. चित्रकलेच्या बाईंच्या बदलीविरुद्धचा ठराव, सुंदर अक्षरात, स्वल्पविरामांसकट तयार! कागदाला टाचून शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीच्या दोन पावत्या. दोन वेळा जाऊन आले होते. दोन्ही वेळा एकच शेरा, 'गणसंख्या नाही.'

एकशे बासष्ट हात वर झाले. एक मिनिटही लागलं नाही. ज्यासाठी बाई तीन आठवडे झोपल्या नव्हत्या, ते काम एका मिनिटाचं होतं!  बाईंनी मांडीवरच्या रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

मग अध्यक्षांनी दुसरा कागद काढला. हा पिवळा पडलेला, घड्यांवर चिरलेला. चिटणिसांनी वाचला आणि तसाच माझ्यापुढे धरला. राजीनामा! नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

'राजीनामा पूर्ण गणसंख्येच्या सभेतच मंजूर होतो,' फळ्यावर उमटलं. 'नऊ वर्षे खिशात घेऊन येतोय.'

मी डोक्याला हात लावला. ज्याला खुर्चीवरून ओढून काढायला मी निघाले होते, तो माणूस खुर्चीत अडकून पडला होता, आणि बाहेरून कडी आम्ही लावली होती. घरी बसून!

राजीनामा मंजूर झाला. अध्यक्ष टेबलामागून बाहेर आले, खुर्ची नीट आत सरकवली आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. इतकं सुखाने बसलेलं माणूस मी क्वचित पाहिलंय.

"आता नवे अध्यक्ष!" चिटणीस म्हणाले. "नावं सुचवा."

एकशे बासष्ट माणसं आपापल्या पायांचे अंगठे बघायला लागली.

"बाईच होऊ देत की!" खेळाचे सर एकदम म्हणाले. "त्यांनीच आम्हाला जमवलं!"

"हो, हो! गणिताच्या बाई!"

काय सांगू तुम्हाला! चमचा उगारणारी मी, दाराला पाठ लावणारी मी, मीच दोन पावलं मागे सरकले. "मला आवडलं असतं हो," मी म्हटलं, "पण दहावीचे जादा तास आहेत... सासूबाईंचे गुडघे आहेत... मुलीची परीक्षा..." सगळी कारणं खरी होती. आणि सगळी मी लोकांच्या तोंडून ऐकून ऐकून कंटाळले होते! कान तापले माझे.

"मग ग्रंथपालांना करू," कोणीतरी तोडगा काढला. "ते आले नाहीयेत, म्हणजे नाही म्हणणार नाहीत!"

"उत्तम! सर्वानुमते!" भराभर हात वर जाऊ लागले. माझाही निम्मा वर गेला होता, खोटं कशाला बोलू?

अध्यक्ष, म्हणजे आता माजी, ताडकन उठले. धावत फळ्याशी गेले. खडू मोडला इतक्या जोरात लिहिलं, 'मलाही असेच निवडले होते! मी त्या दिवशी तापाने झोपलो होतो!'

हात हवेतच थांबले.  आणि तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक आवाज आला. इतका अनोळखी, की मी वळून कोण ते बघितलं.

"मी होते," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

"तुम्ही?"

"हो. मला जमेल की नाही, ठाऊक नाही. पण तीन आठवडे मी एकेकाच्या दारात गेले. सगळे म्हणाले, अरेरे. येतो असं कोणी म्हणालं नाही. दुसऱ्या कोणाच्या वाट्याला हे येऊ नये." त्यांनी रुमाल पिशवीत ठेवला. "फक्त मला भाषण करता येत नाही."

"चालेल!" सगळा वर्ग एकमुखाने ओरडला. अध्यक्षाला भाषण येत नाही, याहून मोठी पात्रता आमच्या संघटनेत कोणाला सुचली नसती!

टाळ्यांनी खिडक्यांची तावदानं थरथरली. मी तर हात लाल होईपर्यंत वाजवल्या. त्यात आनंद किती होता आणि आपण सुटलो हे किती होतं, ते गणित मी सोडवायला घेतलं नाही.

लोक पांगल्यावर आम्ही बाकं लावत होतो. माजी अध्यक्ष बाहेर जाताना माझ्यापाशी थांबले. मेव्हण्यांकडे चोरून बघत बोळा बाजूला सरकवला आणि पहिल्यांदा बोलले, "बाई, फार हलकं वाटतंय."

"ठणका थांबला का दाढेचा?"

"दाढेला कुठली धाड भरलीय, ती ठणकतेच आहे! अध्यक्षपदाचं म्हणतोय मी."

घरी आले तर नवरा दारातच उभा. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे माणूस जिवंत, बाईंचा ठराव मंजूर, आणि तू अध्यक्ष नाहीस. मग चेहरा असा का?"

"हायसं वाटतंय हो," मी म्हटलं, "आणि हायसं वाटतंय याची जरा लाज वाटतेय."

तीन आठवड्यांनी बदली रद्द झाल्याचं पत्र आलं. अध्यक्षबाईंनी ते शिक्षकखोलीत वाचून दाखवलं, सगळ्यांनी पेढ्याबिढ्याची चौकशी केली, आणि त्या त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "येत्या रविवारी दहा वाजता बैठक आहे." बघता बघता सगळ्या माना वह्यांत गेल्या. माझीही चालली होती. पण मी ती मध्येच थांबवली आणि म्हटलं, "मी येते."

आणि गेले हो! दहाची बैठक होती, मी पोचले पावणेअकराला. अध्यक्षबाई सोडल्या तर पहिली मीच होते!